पोटावर एवढं साठवलंय, ते कुठे गेलं?

प्रश्न : मी ४४ वर्षांचा, वजन ७० किलो, नोकरी बसून करायची. काही वर्षं हाफ मॅरेथॉन धावतोय, दोन तासांत पूर्ण करतो. यंदा जानेवारीत मुंबईला पहिल्यांदाच फुल मॅरेथॉनला उतरलो आणि हाफचाच वेग धरला. आदल्या रात्री पोटभर पास्ता खाल्ला होता. वाटेत पोट बिघडेल या धास्तीने पाण्याखेरीज काही घेतलं नाही. तीस किलोमीटरपर्यंत मजेत होतो, रस्त्याकडेच्या पोरांना टाळ्या देत होतो. मग पेडर रोडचा चढ आला आणि पाय जे थांबले ते थांबलेच. दम लागला नव्हता, कुठे दुखत नव्हतं, डोकंही ठिकाणावर होतं. फक्त पाय उचलेनात. उरलेलं अंतर बरंचसं चालत काढलं. ग्रुपमधले म्हणाले, "वॉलला धडकलास, ग्लायकोजेन संपलं." घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, "पोटावर एवढं साठवलंय, ते कुठे गेलं?" तिचा प्रश्न मला बिनतोड वाटला. काय सांगू तिला? – एक वाचक, ठाणे

उत्तर : प्रश्न बिनतोडच आहे आणि आकडेही वहिनींच्या बाजूचे आहेत. सपाट रस्त्यावर एक किलोमीटर धावायला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी खर्च होते. (कॅलरी म्हणजे बिस्किटाच्या पुड्यावर छापलेली, आहारशास्त्रातली.) हळू धावा की जोरात, हा आकडा फारसा हलत नाही, जोरात धावणारा तेवढाच खर्च कमी वेळात करतो, इतकंच. तुमचं वजन ७०, अंतर ४२. एकूण खर्च २,९५० कॅलरींच्या आसपास. आता जमेची बाजू बघू. तुमच्या वयाच्या, बसून काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर वजनाचा पाचवा हिस्सा चरबी सहज असते, म्हणजे १४ किलो. एक ग्रॅम चरबी ९ कॅलरी देते. गुणाकार केला तर सव्वा लाखाच्या वर कॅलरी अंगावर वागवत तुम्ही पेडर रोडला थांबलात. तेवढ्यात चाळीस मॅरेथॉन होतात. मुंबईहून नागपूरला धावत जाऊन धावत परत यावं, एवढं ते अंतर.

दुसरा साठा कर्बोदकांचा. भात, पोळी, बटाटा, साखर यांचं शेवटी ग्लुकोज होतं आणि ग्लुकोजच्या साखळ्या जोडून शरीर ग्लायकोजेन बनवून ठेवतं. सगळ्या स्नायूंत मिळून सुमारे ४०० ग्रॅम, यकृतात ८० ते १०० ग्रॅम. रक्तात एका वेळी फिरणारी साखर तर जेमतेम पाच ग्रॅम, चहाचा एक चमचा. ग्रॅमला चार कॅलरी धरल्या तर हा सगळा ऐवज दोन हजार कॅलरींच्या अलीकडे-पलीकडे. एकीकडे सव्वा लाख, दुसरीकडे दोन हजार, आणि संपला तो दुसरा. पहिल्याला तुम्ही नीटसा हातही लावला नाहीत.

याचं कारण चरबी ज्या वाटेने कामाला येते त्या वाटेत आहे. धावायला लागलं की अ‍ॅड्रेनलिनच्या इशाऱ्यावर चरबीच्या पेशी मेदाम्लं रक्तात सोडतात. ती पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनावर बसून त्यांना स्नायूपर्यंत यावं लागतं. स्नायूच्या पेशीत शिरल्यावर कार्निटिन नावाच्या वाहकाच्या मदतीने मायटोकॉन्ड्रियात जायचं, आणि तिथे एका वेळी दोन कार्बन अशी ती लांबलचक साखळी तोडली जाते. तुम्ही वेग वाढवलात की याच दाराशी गर्दी होते. साखरेचं ज्वलन जोरात सुरू झालं की मोकळं कार्निटिन कमी पडतं आणि मेदाम्लं आत घेण्याचा वेग उलट घटतो. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा आखडतो. कणगी ज्वारीने भरलेली आहे, पण जातं एकच आणि तेही आपल्या गतीने फिरणारं. पंगत उठून बसायला लागली की डब्यात आधीच दळून ठेवलेलं पीठ किती आहे, यावर सगळं येऊन ठेपतं.

तुमच्या वेगाला हे लावून बघू. हाफ दोन तासांत म्हणजे ताशी साडेदहा किलोमीटर. या वेगाला तुमचं शरीर मिनिटाला बारा कॅलरी मागतं. साधारण सराव असलेला माणूस फार तर मिनिटाला अर्धा ग्रॅम चरबी जाळू शकतो, तीही मध्यम वेगाला. म्हणजे मिनिटाला साडेचार कॅलरी. उरलेल्या साडेसात-आठ कॅलरी साखरेतून यायला हव्यात, म्हणजे मिनिटाला जवळपास दोन ग्रॅम. तीस किलोमीटरला तुम्हाला पावणेतीन तासांच्या वर लागले असणार. तेवढ्या वेळात ३४० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन खलास. अंगात उरलेलं जे होतं त्यातलं बरंच पायात नव्हतंच. चढ येण्याचं निमित्त झालं.

हा हिशेब कागदावरचा, हे खरं; पण प्रयोगशाळेत तो श्वासातूनही वाचता येतो. धावपट्टीवर धावणाऱ्याच्या तोंडाला मास्क लावतात आणि आत घेतलेला ऑक्सिजन व बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड मोजतात. नुसती साखर जळत असेल तर दोन्ही सारखे भरतात. नुसती चरबी जळत असेल तर दहा भाग ऑक्सिजनमागे कार्बन डायऑक्साइड सातच भाग निघतो. धावणाऱ्याचा आकडा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो आणि वेग वाढवत नेला की तो साखरेच्या बाजूला सरकताना पडद्यावर दिसतो. त्यात चरबीचा आणखी एक तोटा असा की एक लिटर ऑक्सिजन खर्चून साखरेतून जेवढी ऊर्जा मिळते, त्यापेक्षा चरबीतून सहा-सात टक्के कमी मिळते. छातीचा भाता पूर्ण ताणलेला असताना हा फरक लहान नाही.

आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात बोलकं वाटलेलं वाक्य : 'बरंचसं चालत काढलं.' चालायला ७० किलोच्या माणसाला तासाला अडीचशे-पावणेतीनशे कॅलरी लागतात, आणि मिनिटाला अर्धा ग्रॅम चरबी म्हणजे तासाला २७० कॅलरी. आकडे जुळतात ते योगायोगाने नाही. साखर संपल्यावर चरबीच्या जोरावर जेवढा वेग झेपतो त्या वेगावर शरीर तुम्हाला आणून सोडतं, आणि तो वेग चालण्याचा असतो. आळंदीहून निघालेला साठीचा वारकरी दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालतो, वाटेत एकादशीही करतो, पण त्याला कधी वॉल लागल्याचं ऐकिवात नाही. त्याचा वेगच चरबीवर भागणारा आहे. तेव्हा वहिनींना सांगा, पोटावरचं कुठेही गेलेलं नाही. शेवटचे काही किलोमीटर त्याच्यावरच काढले.

पायातलं संपलं तर हातातलं का नाही वापरलं, हा पुढचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, तरी सांगतो. स्नायू आपलं ग्लायकोजेन कुणाला उसनं देत नाही. ग्लायकोजेन फोडल्यावर जे ग्लुकोज निघतं त्याला फॉस्फेटचा तुकडा चिकटलेला असतो. तो काढल्याशिवाय ग्लुकोज पेशीबाहेर पडू शकत नाही आणि तो काढणारं विकर स्नायूत नसतं. यकृतात असतं. म्हणून दंड-खांद्यांत साखर शिल्लक आणि मांड्या रिकाम्या, अशा अवस्थेत माणूस शेवटची रेघ ओलांडतो. रक्तात साखर सोडण्याचं काम मुख्यतः यकृताचं, आणि त्या साखरेवर मेंदूचा पहिला हक्क.

यावरून वॉल दोन तऱ्हेची असते हे ध्यानात घ्या. तुमची पायातली होती : डोकं शाबूत, पाय गेलेले. दुसरी डोक्यातली. यकृतातला साठा आटला की रक्तातली साखर उतरते, घाम गार पडतो, चिडचिड होते, माणूस बरळतो, कधी रस्ता सोडून भलतीकडे वळतो. ही दुसरी तऱ्हा डॉक्टरांनी शंभर वर्षांपूर्वीच पकडली. १९२४च्या बॉस्टन मॅरेथॉननंतर तिथल्या डॉक्टरांनी काही धावपटूंचं रक्त तपासलं. जे अगदी गलितगात्र होऊन पोचले होते त्यांची साखर घसरलेली निघाली. पुढच्या वर्षी त्यांनी आदल्या दिवशी भरपूर कर्बोदकं आणि धावताना गोळ्या-चॉकलेटं असा बेत केला. धावपटू बऱ्या स्थितीत पोचले, साखरही जागेवर राहिली. त्याआधीची पद्धत काय होती? १९०४च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणाऱ्या थॉमस हिक्सला त्याच्या मदतनिसांनी वाटेत अंड्याचा पांढरा बलक, ब्रँडी आणि स्ट्रिक्निन दिलं होतं. स्ट्रिक्निन म्हणजे कुचल्याचं विष. त्यापुढे तुमचं नुसतं पाणी बरं म्हणायचं.

पायातल्या तऱ्हेचा उलगडा व्हायला मात्र साठचं दशक उजाडावं लागलं, कारण जिवंत माणसाच्या मांडीतून स्नायूचा कण काढायची सोय नव्हती. स्वीडनमध्ये योनास बेरिस्ट्रोम यांनी त्यासाठी सुई वापरात आणली. १९६६मध्ये त्यांनी आणि एरिक हुल्टमन यांनी केलेला प्रयोग मला या विषयातला सगळ्यात देखणा वाटतो. दुसऱ्या कुणाला न गाठता हे दोघे स्वतःच एका व्यायामाच्या सायकलच्या दोन बाजूंना बसले आणि प्रत्येकाने एकाच पायाने पायडल मारलं, पार दमेपर्यंत. दुसरा पाय आरामात. मग तीन दिवस दोघांनी भरपूर कर्बोदकं खाल्ली आणि दोन्ही मांड्यांत सुया घालून कण काढले. माणूस एक, जेवण एक, रक्त एक. तरी दमवलेल्या पायात ग्लायकोजेन आराम केलेल्या पायाच्या जवळपास दुप्पट भरलं होतं. रिकाम्या झालेल्या स्नायूला साखर ओढून घ्यायची भूक लागते आणि ती त्या स्नायूपुरतीच असते, हे एका सायकलवर सिद्ध झालं. इंग्लंडच्या रॉन हिलने या संशोधनातून निघालेला आहार पाळून १९६९मध्ये अथेन्सला युरोपीय अजिंक्यपदाची मॅरेथॉन जिंकली, आणि स्पर्धेआधी कर्बोदकं भरून घेण्याची चाल जगभर पडली.

तुमच्या आदल्या रात्रीच्या पास्त्याकडे आता येऊ. एका जेवणाने भागत नाही. स्पर्धेआधीचे दीड-दोन दिवस, वजनाच्या दर किलोमागे रोज ८ ते १२ ग्रॅम कर्बोदकं लागतात. तुमच्यासाठी ५६० ग्रॅमपासून पुढे. शिजलेल्या भाताची मध्यम वाटी साधारण ४० ग्रॅम देते. म्हणजे नुसत्या भातावर चौदा वाट्या! कुणालाच जमणार नाही, म्हणून त्यात पोहे, केळी, उकडलेले बटाटे, ब्रेड-जॅम, साबुदाण्याची खीर, सरबत असं वाटून घ्यायचं. तूप, दाण्याचं कूट, तळण, उसळी, कोशिंबिरी हे दोन दिवस मागे ठेवायचं. साबुदाण्याची खिचडी बरेच जण खातात. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, तेव्हा तो ठीकच, पण त्यातलं कूट आणि तूप पोट लवकर भरवतं. आणि काटा किलो-दीड किलो वाढलेला दिसला तर बिचकू नका. ग्लायकोजेनचा प्रत्येक ग्रॅम तीनेक ग्रॅम पाणी धरून बसतो. ती चरबी नव्हे.

स्पर्धेच्या दिवशी पहाटे उठून दोन-तीन तास आधी काहीतरी खाणं भाग आहे, कारण रात्रभर मेंदूने यकृतातल्या साखरेवरच ताव मारलेला असतो. स्नायूंतला साठा झोपेत शाबूत राहतो, यकृतातला नाही. मुंबईला पहाटेच सुटायचं असतं, म्हणजे तीनच्या सुमाराला पोहे. होय, क्रूर आहे.

धावताना खायचं की नाही, यावर मात्र मला तुमच्याशी भांडायचंय. अडीच तासांपुढच्या धावण्याला नुसतं पाणी पुरत नाही. तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर पोटात गेली पाहिजे. आतड्यातून ग्लुकोज आत घेणारी वाहक प्रथिनं तासाला ६० ग्रॅमच्या आसपास थकतात. फळातली साखर, म्हणजे फ्रुक्टोज, वेगळ्या वाहकाने आत जाते; म्हणून दोन्ही मिसळून घेतल्या तर ९० ग्रॅमपर्यंत मजल जाते. महागड्या जेलच्या पाकिटांवर हे मिश्रण मोठ्या अक्षरांत मिरवलेलं असतं. आपल्या डब्यातली साखर निम्मी ग्लुकोज आणि निम्मी फ्रुक्टोजच असते, हे ती पाकिटं सांगत नाहीत. एक लिटर पाणी, ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि लिंबू पिळून केलेलं सरबत कुठल्याही बाजारी पेयाच्या पंगतीला बसू शकतं. सोबत एखादं केळं (मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम) किंवा बी काढलेले तीन-चार खजूर. जेलची सोय म्हणजे खिशात मावतं, हे मान्य.

पोट बिघडायची भीती खरी आहे. धावताना आतड्यांकडचं रक्त पायांकडे वळतं. पण आतडंही सरावतं. रविवारच्या लांब धावण्यात दर अर्ध्या तासाला थोडं-थोडं घेत गेलात तर काही आठवड्यांत ते कुरकुर थांबवतं. स्पर्धेच्या दिवशी नवा पदार्थ मात्र तोंडाला लावू नये, मग तो स्टॉलवर फुकट मिळत असला तरी.

आणि एवढं सगळं करूनही हाफचा वेग धरलात तर पुढच्या जानेवारीत आपली भेट त्याच चढावर. कुठलं इंधन किती जाळायचं हे सगळ्यात जास्त तुमचा वेग ठरवतो, खाणं नंतर. किलोमीटरमागे वीस-तीस सेकंद हळू सुटा. सुरुवातीला लोक पुढे जातील, जाऊ द्या. शिवाय महिनोन्‌महिने हळू, लांब धावलेल्या स्नायूत मायटोकॉन्ड्रिया वाढतात आणि त्याच वेगाला चरबीचा वाटा वाढतो. तो खरा साठा वाढवणं, पण त्याला हंगाम लागतो.

प्रश्न : मी आणि नवरा एकत्रच सराव करतो. हाफमध्ये तो माझ्यापुढे असतो, फुलमध्ये पस्तिसाव्या किलोमीटरला मी त्याला गाठते आणि पुढे जाते. बायकांचं इंधन वेगळं असतं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : इंधन तेच, मिश्रण थोडं वेगळं. आपापल्या क्षमतेच्या सारख्याच टक्क्यांवर धावताना स्त्रिया पुरुषांपेक्षा चरबीचा वाटा किंचित जास्त वापरतात, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे आणि त्यामागे इस्ट्रोजेनचा हात असावा असं मानतात. मॅरेथॉनच्या निकालांची छाननी करणाऱ्यांना हेही दिसलं की उत्तरार्धात स्त्रियांचा वेग पुरुषांइतका ढासळत नाही. पण यातलं सगळं श्रेय चरबीला देऊ नका. पुरुष सुरुवातीला उगाच जोरात सुटतात, हेही त्यात आहे. नवऱ्याला वरचं उत्तर वाचायला द्या.

प्रश्न : चरबी जळायला वीस मिनिटांनंतर सुरुवात होते म्हणे. आणि पहाटे उपाशीपोटी धावलं की वजन जास्त उतरतं, हे खरं का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पहिलं साफ खोटं. हे वाचताना, खुर्चीत बसल्या-बसल्याही तुमची चरबी जळते आहे. धावायला लागल्यावर दोन्ही इंधनं पहिल्या मिनिटापासून चालू असतात. वेळ जाईल तसा चरबीचा वाटा हळूहळू वाढतो, एवढंच. दुसरं अर्धं खरं. उपाशीपोटी धावताना चरबी जास्त जळते, पण उरलेल्या दिवसात शरीर हिशेब फिरवून घेतं आणि वजन उतरायचं ते दिवसभराच्या एकूण खाण्यावर ठरतं. उपाशी धावून आल्यावर चार मिसळपाव खाल्ले तर कुठलं शास्त्र कामाला येणार?

प्रश्न : मग भात-पोळी सोडून तूप-लोणी-पनीरवरच राहिलं, तर शरीर चरबीवर धावायला शिकेल ना? कीटोवाले तसंच सांगतात. – एक वाचक, पुणे

उत्तर : शिकेल, आणि चांगलं शिकेल. तसा आहार दीर्घकाळ घेणाऱ्या अतिदूर पल्ल्याच्या काही धावपटूंनी मिनिटाला दीड ग्रॅम चरबी जाळल्याची नोंद आहे. आपल्या वरच्या अर्ध्या ग्रॅमच्या तिप्पट. पण मागे सांगितलेला ऑक्सिजनचा तोटा इथे अंगाशी येतो. ऑस्ट्रेलियात लुईस बर्क आणि सहकाऱ्यांनी अव्वल चालपटूंवर (ऑलिंपिकमधली ती जलद चालण्याची शर्यत) हा प्रयोग केला. तो २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. कीटो गटाची चरबी जाळण्याची ताकद भरपूर वाढली, पण त्याच वेगाला ऑक्सिजन जास्त लागू लागला. कर्बोदकं खाणाऱ्यांची वेळ सुधारली, कीटोवाल्यांची नाही. शंभर किलोमीटर संथ धावायचं असेल तर विचार करा. घड्याळाशी स्पर्धा असेल तर भात सोडू नका.

प्रश्न : दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंबलतात तेव्हा ते लॅक्टिक अ‍ॅसिड साचल्यामुळे, असं आमचे कोच सांगतात. – एक वाचक, सांगली

उत्तर : कोचना राग येऊ नये, पण नाही. लॅक्टेट धावणं थांबल्यावर तासा-दोन तासांत रक्तातून पूर्वपदाला येतं. दुखतं ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांनी आणि त्या भरून निघताना येणाऱ्या सुजेने. उतारावर धावल्यावर जास्त, ते याचसाठी. बिचारं लॅक्टेट तर इंधन आहे. हृदय ते आवडीने जाळतं, आणि यकृत त्याचं पुन्हा ग्लुकोज बनवतं. हे चक्र शोधणाऱ्या कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याला १९४७ सालचं नोबेल मिळालं होतं.

प्रश्न : माझ्या एका मित्राने वाचलं की गोड पाणी नुसतं तोंडात खळखळवून थुंकलं तरी जोर येतो. तो चेष्टा करतोय का? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नाही. बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी २००४मध्ये सायकलपटूंवर हे करून बघितलं. चवीने ओळखू न येणारं पिष्टाचं द्रावण तोंडात फिरवून थुंकणाऱ्यांनी तासाभराची चाचणी तीनेक टक्के लवकर संपवली. एक कणही पोटात गेला नव्हता. तोंडात कर्बोदक ओळखणाऱ्या जागा आहेत आणि तिथून मेंदूला निरोप जातो की रसद येते आहे. मेंदू मग पायांवरचा लगाम थोडा सैल सोडतो. पण तासाभराच्या धावण्यापुरतं हे ठीक. चार तास धावायचं असेल तर थुंकू नका, गिळा.

प्रश्न : बाबांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. त्यांनाही दहा किलोमीटर धावायचंय. साखर-सरबताचं त्यांनी काय करायचं? – एक वाचक, अकोला

उत्तर : धावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर खेचून घेतो. मधुमेहात धावणं गुणकारी ते म्हणूनच, आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असणाऱ्यांना धोका तोही याचाच. साखर दोन्हींकडून खाली ओढली जाते. कुठली गोळी, किती वाजता, धावायच्या दिवशी कमी करायची का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बूट घालू देऊ नका. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या आणि सोबत ही गोष्ट माहीत असलेला माणूस हवा.

प्रश्न : पाणी किती प्यावं? काही जण म्हणतात, तहान लागायची वाट न बघता प्रत्येक स्टॉलवर प्या. – एक वाचक, सातारा

उत्तर : तहान लागली की प्या. प्रत्येक स्टॉलवर ग्लास रिकामा करणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम प्रमाणाबाहेर उतरलेलं निघालं. त्याचा संबंध होता तो धावताना वजन वाढण्याशी, म्हणजे घामापेक्षा जास्त पिण्याशी, आणि चार तासांहून जास्त वेळ लागण्याशी. म्हणजे धोका हळू धावणाऱ्या, प्रत्येक स्टॉलवर थांबणाऱ्या हौशी माणसाला. सातारच्या यवतेश्वर घाटात चढताना किंवा जानेवारीतल्या दमट मुंबईत घाम भरपूर जातो. तिथे नुसत्या पाण्याऐवजी मीठ-साखरेचं सरबत बरं. आणि शेवटच्या रेघेपाशी सोबत्याचं डोकं दुखत असेल, उलटी होत असेल, बोटं सुजून अंगठी रुतत असेल, बोलणं असंबद्ध असेल, तर 'डिहायड्रेशन झालंय' म्हणून आणखी पाणी पाजू नका. थेट वैद्यकीय तंबूत घेऊन जा आणि दिवसभरात किती प्यायला ते डॉक्टरांना सांगा.